मॉडेल रेल्वेच्या विजेच्या खांबांसाठी बारीक भाग : शोधावेत कुठे, घडवावेत कसे

मॉडेल रेल्वेच्या छंदात नव्याने उतरणाऱ्याला गाडी, रूळ आणि कंट्रोलर यांची माहिती हवी तेवढी मिळते. लेआउटवर, म्हणजे रूळ मांडलेल्या देखाव्याच्या टेबलावर, घरे आणि शेते उभी राहिली, की काम अडते ते विजेच्या खांबांपाशी. तयार मिळणारे खांब बहुतेक अमेरिकी किंवा युरोपीय धाटणीचे असतात : गोल लाकडी खांब, त्यावर लाकडाची आडवी पट्टी आणि तिच्यावर ओळीने मांडलेले, तारेला खांबापासून अलग ठेवणारे हिरवट काचेचे इन्सुलेटर. ताकारी किंवा भवानीनगरच्या उसाच्या शेताकडेला असा खांब उभा केला, तर बाकीचे काम कितीही नेटके असले तरी देखावा परका वाटू लागतो. आपल्याकडचा 11 केव्हीचा (किलोव्होल्टचा) खांब बहुधा सिमेंटचा आणि वर निमुळता होत गेलेला असतो. त्यावर लोखंडी व्ही आकाराचा क्रॉस आर्म (आडवा हात), तीन तपकिरी पिन इन्सुलेटर आणि तीन तारा असतात. हे भाग आपल्या मापात आणि आपल्या घडणीत तयार मिळणार नाहीत, असे धरूनच कामाला लागावे. यांतले बहुतेक भाग सांगली, मिरज आणि साताऱ्याच्या बाजारात दुसऱ्याच कामांसाठी विकले जातात. ते ओळखता येण्यासाठी खिशात मापांचा कागद असावा लागतो. म्हणून दुकानांचा विचार नंतर करू.

1. काळ आणि लाइन आधी ठरवा

‘विजेचा खांब’ या एका शब्दात चार-पाच वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांचे भाग एकमेकांना चालत नाहीत. शेतातून जाणारी 11 केव्हीची लाइन, गावातली पाच तारांची एलटी (लघुदाबाची) लाइन, रुळाकडेचे जुने तारायंत्राचे खांब, रेल्वेची 25 केव्हीची ओएचई (विद्युत इंजिनाला वीज देणाऱ्या रुळावरच्या तारा) आणि कोयनेकडून येणारे उच्चदाबाचे मनोरे यांपैकी तुमच्या लेआउटवर काय शोभेल, हे काळावर अवलंबून आहे. पुणे-मिरज मार्ग 1971 च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. त्याआधीचे मीटरगेजचे मिरज दाखवायचे असेल, तर ओएचईचा प्रश्नच उद्भवत नाही; तेथे रुळाकडेने तारायंत्राचे खांब हवेत. उलट, विद्युत इंजिन धावणारे आजचे दृश्य असेल, तर ते उघड्या तारांचे खांब काढून टाकावेत, कारण 25 केव्हीच्या प्रवाहामुळे शेजारच्या उघड्या तारांत वीज प्रेरित होते आणि म्हणून विद्युतीकरणाच्या वेळी दूरसंचाराच्या तारा जमिनीखालील केबलमध्ये नेल्या जातात. दोन्ही एकाच रुळाशेजारी दाखवणे ही नवख्या लेआउटवर सर्रास दिसणारी विसंगती आहे.

दुसरी विसंगतीही येथेच सांगतो. ओएचईच्या वरून 11 केव्हीच्या तारा नेल्या की चित्र भरगच्च दिसते, म्हणून तसे करण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात विद्युतीकरण झालेल्या मार्गावर 11 केव्हीची लाइन साधारणपणे भूमिगत केबलनेच रूळ ओलांडते. रुळाच्या एका बाजूला लाइन शेवटच्या खांबावर संपवावी, तेथून काळी केबल खांबालगत जमिनीत उतरवावी आणि पलीकडच्या खांबावर पुन्हा वर काढावी. हे करायला सोपे आहे, आणि जाणकाराचे लक्ष तेथे हमखास जाते.

या लेखाचा मुख्य भर 11 केव्हीच्या लाइनवर आहे, कारण आपल्या भागातल्या कोणत्याही देखाव्यात तीच सर्वाधिक दिसते.

2. मापे घ्या आणि भागाकार करा

एचओ, एन, ओओ ही मॉडेलच्या प्रमाणांची (स्केलची) नावे. एचओ स्केलला खऱ्या मापाला 87 ने भागावे, एन स्केलला 160 ने. जपानी एन 1:150 आणि ब्रिटिश एन 1:148 असते, तर ओओ 1:76 असते. ओओचा खांब एचओच्या गाडीशेजारी ठेवला तर तो सुमारे चौदा टक्के मोठा पडतो. खांबाच्या उंचीत हा फरक खपून जातो, इन्सुलेटरमध्ये मात्र तो डोळ्यांत भरतो. नेहमी लागणारी मापे खाली देत आहे. पहिला आकडा एचओचा, दुसरा एनचा.

- 9 मीटरचा सिमेंटचा खांब. लांबीचा सहावा भाग जमिनीत, वर साडेसात मीटर : 86 मिमी, 47 मिमी
- 11 केव्हीचा पिन इन्सुलेटर, उंची सुमारे 14 सेंमी : 1.6 मिमी, 0.9 मिमी
- डिस्क इन्सुलेटर, व्यास 255 मिमी : 2.9 मिमी, 1.6 मिमी
- ‘रॅबिट’ जातीची एसीएसआर (पोलादी गाभ्याची अॅल्युमिनियमची) तार, व्यास 10.05 मिमी : 0.12 मिमी, 0.06 मिमी
- ‘वीझल’ जातीची तार, व्यास 7.77 मिमी : 0.09 मिमी, 0.05 मिमी
- डीपीच्या (ट्रान्सफॉर्मर पेलणाऱ्या जोडखांबाच्या) दोन खांबांमधले अंतर, सुमारे 2.4 मीटर : 28 मिमी, 15 मिमी
- दोन खांबांमधला गाळा, समजा 65 मीटर : 747 मिमी, 406 मिमी

शेवटचा आकडा पाहून घाबरू नये. पाऊण मीटरवर एक खांब उभा केला तर टेबलाएवढ्या लेआउटवर दोनच खांब मावतील. येथे सर्वच जण अंतर आखडते घेतात. एचओमध्ये 250 ते 350 मिमीचा गाळा डोळ्याला पटतो. उंची आणि इन्सुलेटरची मापे मात्र आखडती घेऊ नयेत.

तुमच्या डोळ्यासमोर जो विशिष्ट खांब आहे, त्याची मापे छायाचित्रावरून काढता येतात. ओळखीच्या माणसाला खांबाच्या ओळीत, पण खांबापासून अंतर राखून उभे करावे आणि दुरून, झूम करून छायाचित्र घ्यावे. माणसाच्या उंचीवरून बाकीची मापे निघतात. रेल्वेच्या बाबतीत ब्रॉडगेजचा सिमेंटचा स्लीपर 2.75 मीटर लांब असतो, तो मोजपट्टीसारखा उपयोगी पडतो, आणि त्यासाठी फलाटावर उभे राहून दिसते तेवढे पुरते. रुळावर उतरू नये. कोणत्याही खांबाला, विशेषतः पावसाळ्यात, हात लावू नये. ताणाच्या तारेलाही नाही. खांबावर चढून पाहण्यासारखे काहीही नसते, कारण 14 सेंटिमीटरची वस्तू तुम्हाला शेवटी दीड मिलिमीटरचीच करायची आहे.

पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून आहे. एचओमध्ये खांब, सिग्नल आणि तारा कितपत बारीक दिसायला हव्यात, याचा अंदाज तेथे एकदा प्रत्यक्ष पाहून येतो. सांगली-साताऱ्याहून पुण्याला जाणे होतेच, तेव्हा वाट वाकडी करावी.

3. साधने आणि साहित्य

हत्यारे थोडकीच लागतात : टोकदार चिमटा, चपट्या तोंडाची लहान पक्कड, साइड कटर, बारीक कानस, हाताने फिरवायचे पिन व्हाइस (बारीक बिट धरायची मूठ), 0.5 आणि 0.7 मिमीची ड्रिल बिटे, लहान बाकावरचा व्हाइस, कागद कापायचा कटर, 220 आणि 400 नंबरचे पॉलिश पेपर, आणि डोळ्यावर लावायचे भिंग. ड्रिल बिटे हार्डवेअरच्या दुकानात मागितली तर एक मिलिमीटरच्या खाली सहसा मिळत नाहीत. सर्किट बोर्डाला भोके पाडायची बिटे म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारावे. ती कठीण पण ठिसूळ असतात. जरा तिरपी धरली की मोडतात, म्हणून दोन-तीन जास्तीची आणावीत.

साहित्यात आइस्क्रीमच्या काड्या, विझलेल्या उदबत्तीच्या काड्या, स्टेपलरच्या पिना, बारीक काचमणी, वाइंडिंगची तार, वॉलपुटी, तपकिरी नेलपॉलिश, फेविक्विक आणि दोन नळ्यांचे अॅरल्डाइट. ही यादी पाहून घरातली मंडळी हसतील; हसू द्यावे.

4. परदेशातून मागवायचे झाल्यास

रिक्स आणि टिची या अमेरिकी कंपन्यांचे क्रॉस आर्म आणि इन्सुलेटर, ब्रिटिश रेशो कंपनीचे ओओ मापातले तारायंत्राचे खांब, ओएचईसाठी जर्मन सोमरफेल्ट आणि फिसमान ही नावे या छंदात रुळलेली आहेत. जुन्या मीटरगेजच्या देखाव्याला रेशोचे खांब बऱ्यापैकी जुळतात, कारण आपल्याकडची तारायंत्राची व्यवस्था ब्रिटिश वळणाची होती. 11 केव्हीच्या लाइनसाठी मात्र परदेशी संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून फार तर इन्सुलेटर तेवढे कामी येतात, आणि तेच घरी सर्वांत सहज बनतात.

मागवायचेच असेल तर खर्चाचा हिशेब आधी करावा. सीमाशुल्काच्या दृष्टीने लहान प्रतिकृती खेळण्यांच्याच 9503 या शीर्षकात मोडतात. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. मागवताना त्या दिवशीचा दर पाहावा. टपालखर्च शुल्क आकारताना किमतीत धरला जातो, त्यामुळे चार ग्रॅमच्या वस्तूचा खर्च तिच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो. कुरिअर कंपनी केवायसीसाठी आधार किंवा पॅन आणि पत्त्याचा पुरावा मागते, म्हणून त्यांच्या प्रती, वस्तूंचे वर्णन आणि किंमत लिहिलेले बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा एका फोल्डरमध्ये तयार ठेवावा. बिलावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः एकच असावे. बिलावर ‘मॉडेल पार्ट्स’ एवढेच मोघम लिहिलेले असले तर पार्सल खुलाशासाठी अडकून पडते. ‘प्लास्टिकचे लहान क्रॉस आर्म, स्केल मॉडेलसाठी’ असे सविस्तर वर्णन विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

5. खांब

आइस्क्रीमची काडी साधारण 2 मिमी जाड असते. तिची धारेच्या दिशेने पट्टी कापावी आणि पॉलिश पेपरवर घासून पायाशी सुमारे 3 मिमी व शेंड्याशी दीड ते पावणेदोन मिमी रुंद, अशी निमुळती करावी. भोके निमुळती करण्याच्या आधीच पाडावीत, कारण शेंडा बारीक झाल्यावर ड्रिल लावले की लाकूड चिरते. जमिनीत रोवण्यासाठी खाली 10-12 मिमी जास्त ठेवावे. एन स्केलला उदबत्तीची काडी पुरते. ती गोल असल्यामुळे दोन बाजूंनी घासून चपटी करून घ्यावी.

लाकडाचे रेषे दिसू नयेत म्हणून वॉलपुटी दुधाइतकी पातळ करून दोन हात द्यावेत आणि वाळल्यावर 400 नंबरच्या पेपरने अलगद पुसावे. पुटीचा पृष्ठभाग सिमेंटसारखाच येतो, त्यामुळे वर राखाडी रंगाचा पातळ हात पुरतो. नवा खांब फिकट असतो, जुना काळपट आणि पायाशी मातीच्या रंगाने डागळलेला. उसाच्या शेतातल्या खांबावर वेल चढलेला दाखवला तरी खोटे वाटत नाही.

6. व्ही क्रॉस आर्म

येथे 24/6 क्रमांकाची स्टेपलरची पिन घ्यावी. तिचा मधला भाग जवळजवळ 13 मिमी लांब असतो आणि दोन्ही पाय 6 मिमीचे. मधल्या भागाच्या बरोबर मध्यावर पक्कड धरून, पाय वर राहतील अशा बेताने, उथळ व्ही करावा. व्ही झाला की पाय बाहेर कलतात. ते पुन्हा उभे सरळ करावेत आणि 3 मिमी ठेवून वरचा भाग छाटावा. दोन्ही पायांमधले अंतर आता सुमारे 12 मिमी, म्हणजे खऱ्या मापात मीटरभर झालेले असेल. एका पिनेत क्रॉस आर्म आणि इन्सुलेटरच्या दोन्ही खिळ्या तयार झाल्या. कोठे जोड नाही, सोल्डर नाही. एन स्केलला 10 नंबरची लहान पिन अशीच वापरावी.

पिना एकमेकींना गोंदाने चिकटलेल्या येतात. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये घटकाभर बुडवून ठेवल्या तर सुट्या होतात आणि रंग धरायलाही साफ होतात. पिनेची तार चपटी असते, म्हणून पायांची टोके कानसेने थोडी गोल करावीत. नाहीतर मणी आत जात नाही आणि जोर केला तर फुटतो. व्हीचा कोन खांबाच्या तोंडाशी अॅरल्डाइटने चिकटवावा, शेंड्यापासून किती खाली ते छायाचित्र पाहून ठरवावे. तिसऱ्या इन्सुलेटरची खिळी शेंड्यातल्या भोकात सरळ उभी बसवावी. तिन्ही तारांचा त्रिकोण झाला पाहिजे.

7. इन्सुलेटर

संपूर्ण कामाचा जीव येथे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ब्लाउजवरच्या आरीकामाचे साहित्य आता प्रत्येक गावात मिळते. सांगलीत कापडपेठेकडे किंवा साताऱ्यात मोती चौकाच्या बाजूला अशा दुकानात बारीक काचमण्यांची पाकिटे मागावीत. तेथे त्यांना शुगर बीड म्हणतात. परदेशी क्रमांकाने 15 नंबरचा मणी सुमारे दीड मिमीचा आणि 11 नंबरचा सुमारे 2 मिमीचा असतो. एचओच्या पिन इन्सुलेटरला 15 नंबरचा मणी हवा. दुकानदाराला नंबर ठाऊक नसला तरी चालते. स्टेपलरची पिन सोबत न्यावी, मणी तिच्यात ओवून पाहावा आणि पट्टीवर दहा मणी ओळीने मांडून मोजावेत. दहांची लांबी 15 मिमीच्या आसपास आली, की काम झाले. मणी भोकाच्या दिशेने जरा चपटा असतो, त्यामुळे मोज थोडी कमी भरली तर बिघडत नाही. मंगळसूत्र गाठून देणाऱ्या पटवेकऱ्यांकडे याहून एकसारखे काळे मणी मिळतात. नेलपॉलिश चढल्यावर मूळ काळा रंग दिसत नाही, त्यामुळे ते घेण्यास हरकत नाही.

खऱ्या पिन इन्सुलेटरचा आकार नीट पाहावा. खाली पसरट झालर, वर अरुंद डोके आणि डोक्याभोवती तार बसण्याची खाच. नुसता मणी ओवला तर तो मणीच दिसतो. म्हणून मणी ओवून झाल्यावर खिळीचे टोक मण्याच्या वर अर्धा मिमी उरू द्यावे आणि त्या टोकावर टाचणीच्या अणीने अॅरल्डाइटचा बारीक थेंब ठेवावा. थेंब टोकाभोवती गोळा होतो आणि डोके तयार होते. त्याआधी मण्याखाली फेविक्विकचा अगदी बारीक ठिपका देऊन मणी पक्का करावा. फेविक्विक जास्त झाले तर त्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय चढते, त्यामुळे ते नळीतून थेट लावू नये.

रंगासाठी चॉकलेटी तपकिरी, चमकदार नेलपॉलिश घ्यावे. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर जी काचेसारखी झिलई असते, ती या एका हातात साधते. मॉडेलच्या महागड्या रंगांत ती चमक वेगळ्या वार्निशने आणावी लागते. मात्र नेलपॉलिशमधले द्रावण प्लास्टिक विरघळवते. खांब प्लास्टिकच्या पट्टीचा केला असेल तर इन्सुलेटर क्रॉस आर्मवर रंगवून, पूर्ण वाळवून मगच खांबाला जोडावेत. नव्या लाइनवर पॉलिमरचे राखाडी इन्सुलेटरही दिसतात. तेथे चमक नको.

तार जेथे संपते किंवा वळते तेथे पिनऐवजी डिस्क इन्सुलेटर आडवे ताणलेले असतात. हे तीन मिमी व्यासाचे आणि चपटे असल्यामुळे मण्याने साधत नाहीत. चपलांना, पट्ट्यांना भोके पाडायचा फिरत्या तोंडाचा पंच मिळतो. त्याच्या अडीच किंवा तीन मिमीच्या तोंडाने जुन्या प्लास्टिकच्या व्हिजिटिंग कार्डातून चकत्या पाडाव्यात. चकतीला मध्ये भोक पाडून ती तारेत ओवावी आणि मागे-पुढे एकेक 15 नंबरचा मणी लावावा. 11 केव्हीला अशा एक-दोन डिस्क पुरतात. उच्चदाबाच्या मनोऱ्यांवर डिस्कची लांब माळ असते, पण 220 केव्हीचा मनोरा एचओमध्ये फूटभराहून उंच होतो आणि शेजारची गाडी खेळणे वाटू लागते. तो पाठीमागच्या चित्रातच रंगवावा.

एलटी लाइनचे शॅकल इन्सुलेटर एचओमध्ये जेमतेम एक मिमीचे होतात. खांबाच्या बाजूला एकाखाली एक, साडेतीन मिमीच्या अंतराने, पांढऱ्या किंवा तपकिरी रंगाचे ठिपके गोंदात उठवले तरी नजरेला पुरते. तेथे मणी ओवत बसण्यात अर्थ नाही.

8. तार

वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचे नंबर लक्षात ठेवावेत : 36 नंबर 0.19 मिमी, 38 नंबर 0.15 मिमी, 40 नंबर 0.12 मिमी, 42 नंबर 0.10 मिमी, 44 नंबर 0.08 मिमी. वरची यादी पाहिली तर एचओच्या 11 केव्हीला 40 किंवा 42 नंबर नेमका बसतो. एनला 44 नंबरही खऱ्यापेक्षा किंचित जाडच असतो. याहून बारीक जाऊ नये, कारण माणसाचा केसही साधारण एवढाच असतो आणि त्याखालची तार हातात धरता येत नाही.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांना आपल्याकडे तोटा नाही, परंतु ती बहुतेक शेतीच्या पंपांची कामे करतात आणि तेथली तार जाड असते. पंखे भरणाऱ्याकडे 36 नंबरपर्यंत मिळू शकते. 40 च्या पुढची तार रिले आणि लहान ट्रान्सफॉर्मर भरणाऱ्याकडे मागावी. बॉबिनच्या तळाशी उरलेली तार बहुधा वजनावर मिळते आणि चार-पाच ग्रॅममध्ये सगळा लेआउट होतो. तेही जमले नाही तर रेडिओ-टेपचे जुने, जड अॅडॉप्टर भंगारात शोधावे. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीत अतिशय बारीक तार असते. उघडलेले अॅडॉप्टर पुन्हा प्लगला लावू नये, हे सांगायला नको.

बॉबिनवरून काढलेली तार वेटोळी असते आणि बोटांनी सरळ करू पाहिले तर आणखी मुरडते. एक टोक व्हाइसमध्ये धरावे, दुसरे पक्कडीच्या तोंडाभोवती दोन वेढे देऊन सावकाश, एकाच जोराने ओढावे. ओढता ओढता एका क्षणी तार किंचित सैल पडल्यासारखी हाताला लागते. ती त्या वेळी केसभर लांबलेली असते. तेथेच थांबावे. सोडल्यावर ती रेघेसारखी सरळ राहते. 42 नंबरला हा क्षण आणि तुटण्याचा क्षण फार जवळ आहेत, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा.

खऱ्या लाइनला झोल असतो, तो दाखवलाच पाहिजे. ताठ तार खोटी दिसते. 300 मिमीच्या गाळ्याला 4 ते 5 मिमी झोल पुरतो. पुठ्ठ्यावर तेवढ्या अंतराने दोन टाचण्या टोचाव्यात, त्यांवर गळ्यातली बारीक साखळी लोंबती धरावी आणि तिच्या खालून पेन्सिलने रेघ मारावी. लोंबती साखळी आणि लोंबती तार यांचा बाक एकच असतो. ही रेघ कापून साचा करावा आणि प्रत्येक तार त्यावर बोटाने दाबून बाक द्यावा. तिन्ही तारांचा झोल एकसारखा हवा. एक जरी वेगळी पडली तरी नजर तिथेच अडकते.

रंग बसवण्याआधीच द्यावा. तांब्याचा तांबूसपणा अॅल्युमिनियमच्या तारेला शोभत नाही. स्पंजच्या तुकड्यात मॅट राखाडी प्रायमर घेऊन तार त्यातून एकदाच ओढून काढावी. तार काळी करू नये. उन्हापावसातली तार करडी दिसते. बसवताना सुईच्या अणीने इन्सुलेटरच्या डोक्याशी फेविक्विकचा ठिपका द्यावा आणि तार चिमट्याने टेकवून धरावी. जेथे तार वळते त्या डिस्कच्या खांबावर दोन बाजूंच्या तारा जोडणारा छोटा जंपर, म्हणजे इन्सुलेटरखालून गेलेला बाक, विसरू नये. गावातली नवी काळी पिळाची केबल दाखवायची असेल तर याच तारेचे चार पदर पिळून काळे रंगवावेत.

जेथे रूळ पुसायला हात जातो, तेथे तांब्याची तार टिकत नाही. एकदा बाही अडकली की खांबासकट निघते. त्या भागात ताणला जाणारा लायक्राचा धागा वापरावा. जुन्या मोज्याच्या वरच्या पट्टीतून तो उसवून निघतो. त्याला झोल देता येत नाही, एवढा तोटा सोसावा लागतो. लेआउट घडी होणारा किंवा उचलून ठेवायचा असेल, तर तारा न लावता नुसते खांब उभे करणे अधिक शहाणपणाचे. इन्सुलेटर नीट झालेले असतील तर तारा नाहीत हे पाहणाऱ्याच्या उशिरा लक्षात येते.

9. डीपी

दोन खांब 28 मिमीच्या अंतरावर. वर तारा संपतात ते डिस्क इन्सुलेटर, त्याखाली एबी स्विच (लाइन तोडण्याचा उघडा स्विच), त्याखाली फ्यूज, आणि माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर चॅनेलवर ठेवलेला ट्रान्सफॉर्मर. एका खांबालगत स्विचचा पाइप खाली येऊन मुठीशी संपतो आणि बुडाशी फ्यूजपेटी. ट्रान्सफॉर्मरची टाकी लाकडाच्या ठोकळ्याची करावी, बाजूचे पंखे, म्हणजे थंडाव्यासाठीच्या उभ्या पट्ट्या, जाड कागदाच्या. वर उच्चदाबाच्या बाजूला तीन लांब बुशिंग (तार टाकीत नेणारे इन्सुलेटर), लघुदाबाच्या बाजूला चार आखूड : तीन फेजची आणि एक न्यूट्रलचे. हे तीन-चार उलटसुलट करणारे मॉडेल पुष्कळ दिसतात. धोक्याची पाटी सुमारे तीन मिमीची होते. लेझर प्रिंटरवर छापून घ्यावी, त्यातली कवटी नजरेला पोचते, अक्षरे पोचत नाहीत.

10. ओएचई करायचीच असेल तर

हा स्वतंत्र विषय आहे. येथे मापेच देतो. संपर्कतार रुळापासून साधारण 5.6 मीटर उंच, म्हणजे एचओत 64 मिमी. खांबापाशी वरची कॅटेनरी तार तिच्याहून 1.4 मीटर वर, म्हणजे 16 मिमी. खांबांमधले कमाल अंतर 72 मीटर. सरळ मार्गावर संपर्कतार खांबागणिक 20 सेंमी डावी-उजवी सरकते, एचओत सव्वादोन मिमी. पँटोग्राफची (इंजिनाच्या टपावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याची) पट्टी एकाच जागी झिजू नये म्हणून हे केलेले असते. मापात तार 0.14 मिमीची हवी, पण तिच्यावर पँटोग्राफ खरोखर टेकवून चालवला तर ती टिकणार नाही. एक तर 0.5 मिमीच्या आसपासची पोलादी तार स्वीकारावी, नाहीतर पँटोग्राफ तारेच्या केसभर खाली बांधून ठेवावा. कँटिलिव्हरच्या (खांबातून निघून तार पेलणाऱ्या हाताच्या) नळ्या, आखूड हात आणि ताणाच्या तारांसाठी मिरजेत सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांकडे मिळणाऱ्या पोलादी तारा उत्तम. त्या सरळ राहतात आणि वाकत नाहीत; याच गुणामुळे झोलाच्या तारेला मात्र त्या निरुपयोगी आहेत.

11. एकाच भागाच्या बऱ्याच प्रती

डीपीचा ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूजपेटी तीन-चारपेक्षा जास्त लागणार असेल तर साचा करावा. मिरजेत दवाखान्यांमुळे दंतवैद्यकाच्या साहित्याची दुकाने आहेत. दातांचे माप घेण्याचे दोन डब्यांचे सिलिकोन पुटी तेथे मागावे. सम भाग मळून मूळ नमुना त्यात दाबला, की काही मिनिटांत साचा तयार होतो आणि बारीक पंखेही त्यात उमटतात. मळताना लॅटेक्सचे हातमोजे घालू नयेत, त्यांतल्या गंधकामुळे पुटी घट्ट होत नाही. साच्यात अॅरल्डाइट किंवा कास्टिंगचे रेझिन भरावे. आधी काडीने कोपऱ्यांत सारावे, नाहीतर बुडबुडे राहतात.

रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर इन्सुलेटरही निघतात, पण दीड मिमीची छपाई ठिसूळ होते आणि आधाराच्या काड्या तोडताना निम्मे भाग मोडतात. बुशिंग, स्विच अशा अवघड आकारांसाठी ते करून घ्यावे. साध्या पिन इन्सुलेटरला मणीच बरा. ओले रेझिन उघड्या हाताने हाताळू नये आणि धुतलेले द्रावण मोरीत ओतू नये.

12. बसवणी

खांब लेआउटला कायमचा चिकटवू नये. खांबाच्या पायाला घट्ट बसेल अशी प्लास्टिकची नळी, उदाहरणार्थ फुग्याच्या काडीचा तुकडा, भूपृष्ठात पुरावी आणि खांब तिच्यात नुसता खोवावा. तारा शेवटी, सर्व झाडे आणि गवत लावून झाल्यावर चढवाव्यात, कारण गवताची भुकटी फवारताना ती ओल्या रंगाच्या तारेवर बसते आणि तेथून निघत नाही. धूळ झाडायला रंगाचा मऊ ब्रश घ्यावा आणि तो तारेच्या दिशेने फिरवावा, आडवा कधीही नाही. व्हॅक्यूम क्लीनर लावायचा असेल तर तोंडाला मोज्याचे कापड बांधावे, म्हणजे निसटलेला मणी पिशवीत न जाता कापडावर अडकतो आणि परत लावता येतो.